आमची ही म्हणते

काकांनी आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवल्या. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची, काका प्लास्टरचे साचे करायचे, मेणात एकेक दात बसवायचे आणि बोट फिरवून कुठे टोचत तर नाही ना ते पाहायचे. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, ती माणसं त्यांनी फारशी कधी पाहिली नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांचे हात रिकामे झाले आणि ते दिवसभर घरातल्या बिजागऱ्यांना तेल घालत फिरू लागले. तेव्हा बायकोने त्यांना रेडिओवर पाठवलं.

"आवाज चांगला आहे तुमचा," ती म्हणाली. "माझ्या एकटीवर किती दिवस वाया घालवणार?"

रेडिओ म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मॅनेजरबाईंचं टेबल आणि टेलिफोन, आतल्या खोलीत मायक्रोफोन आणि भिंतींना चिकटवलेला राखाडी स्पंज, मध्ये काच. खाली यंत्रं सुरू असली की वरच्या फरशीला ऊब यायची. काका बूट काढून बसायचे. केंद्र त्या गावापुरतंच ऐकू यायचं. दर रविवारी सकाळी तिथून काका जुनी गाणी लावायचे. कार्यक्रमाचं नाव 'पुन्हा एकदा'. मॅनेजरबाईंना नावात कुठेतरी 'सोनं' हवं होतं, पण काकांच्या बायकोने ते हाणून पाडलं. सोनं लोक कपाटात ठेवतात, ऐकत नाहीत, असं तिचं म्हणणं.

आवाज काकांचा असला तरी कान तिचा होता. घरातल्या गाण्यांच्या तबकड्यांपैकी निम्म्याहून जास्त तिने जमवलेल्या. रविवारी ती स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसायची आणि काका घरी आले की पायातले बूट निघायच्या आत निकाल सांगायची. तिसऱ्या गाण्यानंतर फार बोललात. बासरीवाल्याचं नाव चुकलं. शेवटचं गाणं लावलं नसतं तरी कुणी रडलं नसतं. काका पुढच्या रविवारी ते सगळं श्रोत्यांना सांगून टाकायचे. "आमची ही म्हणते," अशी सुरुवात करायचे, "की या गाण्यातून क्लॅरिनेट काढलं तर खाली नुसती खुर्ची उरते." लोकांना ते आवडायचं. फोन करणारे गाण्याची फर्माईश सांगून झाली की विचारायचे, काकू काय म्हणतात?

मग एका हिवाळ्यात ती गेली. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात दाखल केलं, ते दुखणं तिला घेऊनच गेलं. दूरच्या शहरात पोहायला शिकवणारी मुलगी आली, राहिली, आईचे कपडे गरजूंना देऊन टाकले, बाबांच्या गोळ्या डब्यांत वार लिहून भरल्या आणि सुट्टी संपल्यावर परत गेली. मॅनेजरबाई अंत्यसंस्काराला आल्या होत्या. केंद्राने काही रविवार काकांचे जुनेच कार्यक्रम पुन्हा लावले. श्रोत्यांना वाटलं, काकांची तब्येत बरी नसेल.

काका परत आले तेव्हा काय सांगायचं ते त्यांनी ठरवलं होतं. पहिलं गाणं झालं की सरळ दोन वाक्यांत सांगून टाकायचं. लाल दिवा लागला. पहिलं गाणं झालं. काकांनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "आमची ही म्हणते, या गाण्याच्या वेळी गवयाला सर्दी झाली असावी."

'म्हणायची' असं म्हणायला हवं होतं. जीभ सवयीच्या वाटेने गेली. काचेपलीकडे मॅनेजरबाईंनी मान वर केली. काका त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी नुसता हात जरी वर केला असता तरी काकांनी तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं. पण मॅनेजरबाईंनी मान खाली घातली आणि तेवढ्यात फोन वाजला.

फोन शिवणबाईंचा होता. शिवणबाई कार्यक्रमाच्या अगदी सुरुवातीपासूनच्या. घरी कपडे शिवायच्या, एकट्या राहायच्या, दर रविवारी फोन करायच्या. त्यांनी 'स' उच्चारला की किंचित शीळ वाजायची. खालची कवळी सैल झाली आहे हे काकांना पहिल्याच फोनला कळलं होतं, पण सांगायचं कसं, म्हणून राहून गेलं होतं.

"काका, तुम्ही नव्हतात तर रविवार सुना सुना गेला हो," त्या म्हणाल्या. "आणि काकू बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे," काका म्हणाले.

त्यानंतर मागे फिरता आलं नाही. खरं तर काकांनी फिरायचा प्रयत्नही केला नाही. घर खायला उठायचं. जेवण ते ओट्याशी उभ्यानेच उरकायचे, कारण टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसायची. शेजाऱ्यांना सगळं ठाऊक होतं, पण शेजारी रविवारी सकाळी झोपलेले असायचे. सोमवारपासून काका एकच विचार करायचे, या रविवारी ती काय म्हणेल. एखादी तबकडी लावून डोळे मिटून बसायचे आणि तिचा शेरा शोधायचे. सापडला की त्या दिवशी भूक लागायची. रविवारी तो शेरा हवेत सोडायचे, फोन वाजायचे, लोक हसायचे आणि तेवढा वेळ ती स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसलेली असायची.

हळूहळू नुसते शेरे पुरेनात. लोक विचारायचे, काकू सध्या काय करतायत? मग काकूंनी खिडक्यांना रंग दिला. काकूंचा गुडघा दुखू लागला. काकूंचं खालच्या मजल्यावरच्या मांजराशी भांडण झालं आणि मिटलं. एकदा शिवणबाईंनी विचारलं, काकूंना रंग कुठला आवडतो? काकांना पटकन काही सुचेना. समोर मॅनेजरबाईंची छत्री टांगलेली होती, तिच्याकडे पाहत ते म्हणाले, "गडद हिरवा."

मुलगी दर बुधवारी फोन करायची. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, इकडे थंडी आहे, तिकडे कशी आहे. मध्येच ती थांबायची आणि म्हणायची, "बाबा, आज आईची फार आठवण आली." काका म्हणायचे, "थांब हं, गॅसवर दूध ठेवलंय." दर बुधवारी काकांचं दूध उतू जायच्या बेतात असायचं. पुढे पुढे मुलीने आईचा विषय काढणं सोडून दिलं.

दरम्यान मॅनेजरबाईंनी केंद्राचे कार्यक्रम इंटरनेटवर टाकले. आता जगात कुठेही ऐकू येतं, असं त्यांनी काकांना कौतुकाने सांगितलं होतं. काकांनी मान हलवली होती. जगात कुठेही त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं, एक सोडून, आणि तिला जुनी गाणी आवडत नसत.

त्या रविवारी दोन-तीन फोन होऊन गेले होते. मॅनेजरबाईंनी काचेतून खूण केली, आणखी एक आहे, बाहेरगावचा. काकांनी कानावर हेडफोन नीट बसवले.

"नमस्कार. आपण कोण?"

"एक श्रोती," पलीकडून आवाज आला.

काकांनी मुलीचा आवाज ओळखला. मागे पाण्याचा आणि मुलांच्या ओरडण्याचा घुमणारा आवाज होता. ती पोहण्याच्या तलावाच्या काठावरून बोलत होती.

"मी दर रविवारी ऐकते," मुलगी म्हणाली. "गाण्यांतलं मला कळत नाही. मी तुमच्या बायकोबद्दल ऐकायला लावते."

रेडिओवर शांतता फार मोठी ऐकू येते. मॅनेजरबाई उठून उभ्या राहिल्या.

"त्यांना गडद हिरवा आवडतो म्हणालात मागे," मुलगी म्हणाली. "मला वाटलं होतं..." ती थांबली. "ते जाऊ दे. आणखी काहीतरी सांगा ना त्यांच्याबद्दल. काहीही चालेल."

मग काकांनी सांगितलं. एकदा बाजारात एक तबकडी घ्यायची होती आणि दुकानदार वाजवून दाखवायला तयार नव्हता, तेव्हा तिने तबकडी तिरकी धरून नुसत्या रेघांवरून सांगितलं होतं, की दुसऱ्या कडव्यात तबला नाही; आणि घरी येऊन लावली तर खरंच नव्हता. हे सांगताना काकांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. मुलीने सगळं ऐकून घेतलं.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "थँक यू, काका."

काका. फोन ठेवल्याचा आवाज आला. काकांनी पुढचं गाणं लावलं, ते भलतंच लागलं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मॅनेजरबाई आत आल्या. त्यांनी तो आवाज ओळखला होता की नाही कोण जाणे. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, बोलताय तर बोलू द्यावं. त्यात कुणाचं काय जातं. आता मला तसं वाटत नाही, पण थांबा म्हणून मी तुम्हाला कशी सांगू?"

"नका सांगू," काका म्हणाले.

बुधवारी मुलीचा फोन आला. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. रविवारबद्दल तिने ब्र काढला नाही, काकांनीही नाही. दोघं हवामानाविषयीच बोलले.

असे काही आठवडे गेले. मग एका रविवारी कार्यक्रम चालू असतानाच एक ठेंगण्या, पाठीत वाकलेल्या बाई जिना चढून वर आल्या आणि काचेपलीकडे हातात मोठी कागदी पिशवी घेऊन बसून राहिल्या. काका बाहेर आले तसं त्या उठल्या.

"ओळखलंत का?" त्यांनी विचारलं आणि लगेच म्हणाल्या, "समोरासमोर कधी भेटलो नाही ना, म्हणून विचारते."

'समोरासमोर' मधल्या शिळेने काकांनी ओळखलं.

शिवणबाईंनी पिशवीतून एक कोट काढला. गडद हिरवा, लोकरीचा, गुडघ्यापर्यंत येणारा, आतून मऊ अस्तर लावलेला. काजं हाताने केलेली होती आणि त्यातला प्रत्येक टाका सारखा होता. काकांनी असं सुबक काम पाहिलं की त्यांचं बोट आपोआप त्यावरून फिरायचं. तसं ते फिरलं.

"तुम्ही म्हणता ना, त्यांना थंडी सोसत नाही," शिवणबाई म्हणाल्या. "माप अंदाजाने घेतलंय. तुम्ही एकदा म्हणाला होतात, त्या तुमच्या खांद्याला लागतात. बाकी मी मनाने धरलं. घालून बघायला सांगा त्यांना. कुठे कमी-जास्त वाटलं तर परत आणा, मी घरीच असते. मी कुठे जाते."

काकांनी कोट घेतला. दुसरं काय करता आलं असतं ते त्यांना नंतर पुष्कळ सुचलं, त्या क्षणी सुचलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी कोट टेबलासमोरच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. खांदे नीट बसले. काका थोडा वेळ बघत राहिले, मग त्यांनी तो उचलून कपाटात ठेवायला नेला. पण बायकोच्या कपाटात आता जास्तीची अंथरुणं होती. कोट पुन्हा खुर्चीवर आला. संध्याकाळ झाली. काकांनी मुलीला फोन लावला.

"बाबा? काय झालं?" ती घाबरली होती. "आज बुधवार नाही."

"काही झालं नाही. एक कोट आलाय."

"कसला कोट?"

"तुझ्या आईसाठी. त्या शिवणबाईंनी शिवला. हिरवा आहे."

मग मुलगी म्हणाली, "आईला हिरवा आवडायचा नाही, बाबा. तिच्या शाळेच्या गणवेशाचा रंग होता तो. घरात हिरवा टॉवेलसुद्धा येऊ द्यायची नाही."

"हो," काका म्हणाले.

"मग तुम्ही असं कसं सांगितलंत?"

"सुचलं नाही काही."

हे बोलल्यावर काकांना एकदम कळलं की बऱ्याच दिवसांत त्यांना खरं काही सुचलेलंच नव्हतं. खिडक्या रंगवायची हौस त्यांची. मांजराशी त्यांचं वाकडं. सर्दीवाल्या गवयाबद्दलचा शेरा तिचा होता, पण त्यानंतरचे किती तिचे आणि किती त्यांचे, हे आता वेगळं करता येत नव्हतं. रविवारी स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसणारी ती कुणी दुसरीच बाई होती. तिला हिरवा रंग आवडत होता.

"मला सगळं कळत होतं," मुलगी म्हणाली. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला. लोकांना सांगता, मला सांगत नाही. मग वाटलं, तेवढं तर तेवढं. ऐकायला तरी मिळतंय. पण काठावरच्या फोनवर तुम्ही हिरवा म्हणालात त्या दिवशी मी पाण्यातून वर येऊन बसले. म्हटलं, बाबा आता आईला हरवून बसले."

काकांनी दुधाचं नाव काढलं नाही. ते रडत होते आणि मुलगी फोन धरून होती.

दुसऱ्या दिवशी काका कोट घेऊन शिवणबाईंकडे गेले. बस डेपोच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एकच खोली. खिडकीशी शिलाई मशीन, मशीनच्या शेजारी रेडिओ, त्याचं बटण काकांच्या केंद्रावर पक्कं चिकटपट्टी लावून ठेवलेलं. शिवणबाईंनी पिशवी पाहिली आणि लगेच टेप गळ्यात घातला.

"खांद्यात कमी पडला ना? मला वाटलंच होतं."

"नाही. कोट चांगला आहे," काका म्हणाले. "ती नाहीये."

"कुठे गेल्यात?"

काकांनी खुर्चीची पाठ धरली. "गेली म्हणजे गेलीच. त्याला आता बरेच दिवस झाले. मी रेडिओवर बोलत होतो ते... ती नव्हती तेव्हा."

शिवणबाईंनी टेप गळ्यातून काढला आणि बोटाभोवती गुंडाळू लागल्या. तो गुंडाळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग गुडघा कुणाचा दुखत होता?"

"माझा."

"मी त्यांच्याशी बोलायचे हो," शिवणबाई म्हणाल्या. "शिवता शिवता. काजं करायला सगळ्यात वेळ लागतो, तेव्हा तर सारखंच. म्हणायचे, काकू, तुमचा गुडघा आणि माझी पाठ, आपण दोघी मिळून एक धड बाई होऊ." त्या मशीनसमोर बसल्या. "तुमच्यासाठी ही जुनी गोष्ट झाली. माझ्यासाठी त्या आत्ता गेल्या. या इथे उभं राहून तुम्ही सांगितलंत तेव्हा."

"मला माफ करा."

"करीन बहुतेक. आज नाही." त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "तुम्ही जा आता. मला जरा बसू द्या."

काकांनी कोट पलंगाच्या कडेवर ठेवला आणि ते गल्लीत आले. डेपोतून एक रिकामी बस बाहेर पडत होती. ती वळेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

पुढच्या रविवारी पहिलं गाणं व्हायच्याही आधी त्यांनी सांगून टाकलं. मॅनेजरबाईंना आधीच विचारलं होतं. त्या काचेपलीकडे हात जोडून बसल्या होत्या. काका म्हणाले, माझी बायको आता नाही, ती गेल्यावरही मी तुम्हाला ती आहे असं भासवत आलो, अलीकडे तिच्या नावावर जे खपवलं ते बहुतेक माझंच होतं, आणि तिला हिरवा रंग अजिबात आवडायचा नाही. शेवटचं वाक्य का, ते फारसं कुणाला कळलं नसेल. ते दूरच्या एका तलावाच्या काठी ऐकणाऱ्या श्रोतीसाठी होतं.

त्या दिवशी फोन खूप आले. एका गृहस्थांनी आम्हाला मूर्ख बनवलंत म्हणून चांगलंच फैलावर घेतलं आणि काकांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. बेकरीवाले म्हणाले, मला पहिल्यापासून माहीत होतं, पण आमच्याकडे पाव न्यायला येणाऱ्या कुणालाच मी सांगितलं नाही. एक बाई नुसत्याच रडल्या. मग पुढच्या रविवारी फोन कमी झाले आणि त्याच्या पुढच्या रविवारी आणखी कमी. जी काकूंची खुशाली विचारायला फोन करायची त्या माणसांना आता काय विचारावं कळेना. शिवणबाईंचा फोन आलाच नाही. तो यायच्या वेळेला काका दोन गाण्यांमध्ये थोडी जागा ठेवायचे आणि मग ती जागा बोलून भरायचे.

बुधवारी मात्र आता वेळ पुरत नसे. आईने मला पोहायला टाकलं तेव्हा ती स्वतः घाबरली होती का, मुलगी विचारायची. स्वयंपाकघराचे पडदे पिवळे होते की पांढरे, यावर दोघांचं चांगलं वाजायचं. काका म्हणायचे पिवळे, मुलगी म्हणायची धुऊन धुऊन पिवळे झालेले पांढरे. कधी कधी फोन ठेवल्यावर काकांना घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटायचं. आता तिथे खरोखरच कुणी नव्हतं. तरी ते टेबलाशी बसून जेवू लागले होते, थोडं तिरकं, खिडकीकडे तोंड करून.

एका रविवारी सगळा कार्यक्रम फोनशिवाय गेला. शेवटी शेवटी एक आला. अनोळखी, तरुण, पुरुषी आवाज. सगळे दात स्वतःचे. ट्रक चालवतो म्हणाला, इथून जाता जाता केंद्र लागलं.

"कुठलं गाणं लावू?" काकांनी विचारलं.

"मला जुनी गाणी माहीत नाहीत. तुम्हाला आवडतं ते लावा."

"म्हणजे श्रोत्यांचं आवडतं असं..."

"नाही, तुमचं. तुम्हाला कुठलं आवडतं?"

हे काकांना कधी कुणी विचारलं नव्हतं. तिने तर नाहीच. तिला काय आवडतं ते दोघांपुरतं पुरेसं होतं, आणि त्यात काकांना काही कमी वाटलं नव्हतं.

"विचार करून सांगितलं तर चालेल?" ते म्हणाले.

"तोवर मी हद्दीबाहेर गेलेला असेन," ट्रकवाला हसून म्हणाला. "पण लावा तुम्ही. मी नसलो तरी."

तो आठवडा काकांनी तबकड्या काढण्यात घालवला. ज्यांना ती नाक मुरडायची त्या वेगळ्या, ज्यांवर जीव टाकायची त्या वेगळ्या, आणि ज्यांच्याबद्दल ती कधी काहीच बोलली नव्हती अशा थोड्याशा खाली उरल्या. त्यांतली एक होती बँडची. शब्द नाहीत, नुसती पितळी वाद्यं, मध्ये एक वादक चुकतो आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबतात असं वाटणारी. ती कुठून आली होती तेही काकांना आठवेना. त्यांनी ती दोनदा ऐकली, मग जेवण झाल्यावर पुन्हा ऐकली.

रविवारी त्यांनी ती शेवटी लावली. "हे मला आवडतं," एवढंच म्हणाले. कर्णे सुरू झाले तसा मॅनेजरबाईंनी काचेपलीकडे चेहरा वाकडा केला आणि आपल्या खोलीतला आवाज बारीक केला. फोन वाजला नाही. खाली लाँड्रीची यंत्रं बंद होती, फरशी गार होती. काकांनी हेडफोन काढले नाहीत. तबकडी पूर्ण होईपर्यंत ते एका हाताने टेबलावर ठेका धरून बसले होते.